डिफरन्शियलचं ऑइल बदलताना : प्लग कोणता, वायसर कोणतं?



हंगामाचा बॉयलर पेटायच्या आधी आपण ट्रॅक्टरचे इंजिन ऑइल बदलतो, डिझेल फिल्टर टाकतो, ट्रॉलीच्या टायरांना हात लावून पाहतो. मागच्या डिफरन्शियलकडे, आणि गाडी फोर-व्हील ड्राइव्हची असेल तर पुढच्याही डिफरन्शियलकडे, सहसा कोणी वाकून पाहत नाही. ते बिचारे लोखंडाच्या बंद पेटीत असते. धूर सोडत नाही, तापल्याचा काटा दाखवत नाही. बरे, आवाज करायला लागले तर तोवर क्राउन-पिनियनचे दात गेलेले असतात, आणि मग मिस्त्री सांगेल तो आकडा ऐकून घ्यायचा एवढेच आपल्या हाती उरते.

या पेटीच्या बुडाला एक प्लग असतो आणि त्याच्याखाली बहुधा एक वायसर असते. हा लेख त्या दोन जिनसांबद्दलच आहे. एवढ्याशा गोष्टीवर एवढा लांबलचक लेख कशाला, असे कोणी म्हणेल. पण ऊस वाहणाऱ्या गाड्यांच्या तक्रारी ऐकल्या की पुष्कळदा मूळ या दोन जिनसांतच सापडते. वायसर चहाच्या कपाच्या किमतीत येते, आणि ते नाही म्हणून गेलेला क्राउन-पिनियनचा जोड कितीला पडतो हे ज्याने भरले त्याला विचारावे.

आपल्या जळगाव-धुळ्याकडे हा विषय पूर्वी एवढा जिव्हाळ्याचा नव्हता. जुने ट्रॅक्टर बहुतेक टू-व्हील ड्राइव्हचे. इंटरनॅशनलचा बी-२७५ असो की एच.एम.टी.चा झेटर, पुढची चाके नुसती वळायला. फोर-व्हील ड्राइव्ह म्हटले की डोळ्यापुढे यायची ती जीप. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली आणि पुढे सरकारी खात्यांतून, मग लिलावांतून ती जीप खेड्यापाड्यांत उतरली. सातपुड्याच्या पायथ्याला, तोरणमाळच्या घाटात, धडगावकडच्या रस्त्यांवर तिने किती माणसे वाहिली याची मोजदाद नाही. आता मात्र ट्रॅक्टरही फोर-व्हील ड्राइव्हचे येऊ लागले आहेत. तापीकाठची काळी जमीन ओली असली की टू-व्हील ट्रॅक्टर जागच्या जागी चाक फिरवीत बसतो, म्हणून माणूस फोर-व्हील घेतो, आणि ते योग्यच आहे. पण पुढचा एक्सलही चालता झाला म्हणजे ऑइलाच्या पेट्या वाढल्या, प्लग वाढले, वायसर वाढले. ज्याच्या घरी पूर्वी दोन-तीन प्लग होते त्याच्याकडे आता सात-आठ झाले. त्यात आपल्या भागातले काही कारखाने बंद पडले, त्यामुळे कित्येकांचा ऊस पूर्वीपेक्षा लांब जातो. दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढीत घाट-चढ चढताना सगळा जोर त्या क्राउन-पिनियनच्या चार-दोन दातांवर एका वेळी येतो. तिथे ऑइल नसेल तर लोखंड किती वेळ टिकेल?

आधी एक हिशेब मांडून पाहू. जुन्या विलीज जीपच्या एका एक्सलमध्ये ऑइल मावते सव्वा लिटरच्या आसपास. साधारण २० थेंबांचे १ मिलिलिटर धरू. प्लगातून मिनिटाला एकच थेंब गळत असेल, म्हणजे आपण ज्याला "थोडंसं पाझरतंय" म्हणतो तेवढेच, तर दिवसाचे १,४४० थेंब झाले. म्हणजे ७२ मिलिलिटर. आठ-नऊ दिवसांत निम्मे ऑइल गेले आणि सतरा-अठरा दिवसांत पेटी कोरडी. ट्रॅक्टरच्या मागच्या पेटीत ऑइल पुष्कळ असते म्हणून तिथे वेळ लागतो. पुढच्या एक्सलचे आणि चाकांच्या हबचे ऑइल थोडे, तिथे लागत नाही. "नुसतं पाझरतंय" हा शब्द हंगाम संपेपर्यंत पुरत नाही.

आटे सरळ की निमुळते?

नवा प्लग किंवा वायसर आणण्याआधी जुना प्लग हातात घेऊन निरखून पाहावा. आटे वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचे आहेत, की टोकाकडे बारीक होत गेले आहेत? पुढचे सगळे या एका गोष्टीवर ठरते.

सरळ आट्यांचा प्लग स्वतः ऑइल अडवत नाही. तो फक्त दाबून धरतो. ऑइल अडवते ते वायसर, प्लगच्या डोक्याखाली आणि हाउसिंगच्या तोंडावर चेपून बसलेले. त्यामुळे असल्या प्लगाला वायसर नसले तर कितीही ताणा, पाझर राहणारच. निमुळत्या आट्यांचा प्लग उलट. तो पाचरीसारखा भोकात रुतत जातो आणि आटेच ऑइल अडवतात. त्याला वायसर लागत नाही, उलट वायसर घातले तर ते त्याला रुतूच देत नाही. अमेरिकी बनावटीच्या जुन्या जीपच्या एक्सलांना असे निमुळते, पाइपाच्या मापाचे प्लग असत. पुष्कळ मंडळी त्या प्लगाखाली वायसर शोधतात, सापडले नाही की "आधीच्या मिस्त्रीनं पाडलं" म्हणून नवे घालतात आणि मग गळती सुरू झाली की गाडीला दोष देतात.

नव्या गाड्यांत आणि ट्रॅक्टरांत बहुधा मेट्रिक मापाचे सरळ आटे आणि वायसर असते. टोयोटाच्या अनेक गाड्यांत, त्या आपल्याकडे कोणाच्या दारात उभ्या असतात ते सांगायला नको, १८ मिलिमीटर व्यासाचा आणि दीड मिलिमीटर पिचचा प्लग येतो. ट्रॅक्टरांत कंपनीगणिक आणि मॉडेलगणिक माप बदलते. एकाच ट्रॅक्टरवर बुडाचा प्लग एका मापाचा आणि लेव्हलचा प्लग दुसऱ्या मापाचा असू शकतो. म्हणून दुकानात जाताना तोंडी माप सांगू नये, जुना प्लग खिशात घालून न्यावा. ज्या मंडळींनी फोनवर "ट्रॅक्टरचा ड्रेन प्लग पाठवा" असे सांगितले त्यांना काय मिळाले ते त्यांनाच ठाऊक.

इथे आपल्या शेतकऱ्यांच्या एका खास सवयीबद्दल लिहिले पाहिजे. आपल्या प्रत्येकाच्या खळ्यात पाइपलाइनचे सामान पडलेले असते. सॉकेट, निपल, एंड प्लग. जीपचा प्लग हरवला की माणूस तिथे हात घालतो. अर्धा इंची गॅल्व्हनाइज्ड प्लग भोकाला लावला की तो दोन-तीन आटे झकास चढतो. गडी खूश! पण पाण्याच्या पाइपाचे आटे आपल्याकडे ब्रिटिश मापाचे, म्हणजे बी.एस.पी., आणि जुन्या जीपचे आटे अमेरिकी मापाचे, म्हणजे एन.पी.टी. गंमत अशी, की अर्धा इंच आणि पाऊण इंच या दोन मापांत दोन्हीकडे इंचाला आटे १४ च असतात. म्हणून तो चढतो. पण ब्रिटिश आट्याचा कोन ५५ अंशांचा आणि अमेरिकी आट्याचा ६० अंशांचा, जाडीतही किंचित फरक. दात दातात बसत नाही, मधे बारीक वाट राहते आणि त्या वाटेने ऑइल निघत राहते. मग माणूस आणखी ताणतो आणि हाउसिंगचे मूळचे आटे खराब करून ठेवतो. पुढे खरा प्लग आणला तरी तो नीट बसत नाही. पाव इंच किंवा पाऊण इंचाच्या वरच्या मापांत ही फसगत कमी होते, कारण तिथे आट्यांची संख्याच वेगळी असल्याने प्लग लवकर अडतो आणि माणूस सावध होतो.

पाइपाचा प्लग अडल्या वेळी घरी पोचण्यापुरता घातला तर समजू शकतो. नंतर मात्र तो काढायचा. तो तसाच राहून जातो, हीच खरी पंचाईत.

वायसर कशाचं घ्यावं?

दुकानदार समोर चार-पाच प्रकार टाकतो. तांब्याचे, अॅल्युमिनियमचे, फायबरचे, आणि लोखंडी कड्याच्या आत रबराची ओठी असलेले, ज्याला मिस्त्री लोक डाउटी वायसर म्हणतात. शिवाय नटबोल्टाच्या डब्यातले साधे लोखंडी वायसर आपल्याकडे असतेच. या शेवटच्याचे नाव प्लगाच्या बाबतीत काढू नये. वायसरचे काम असते चेपायचे. तोंडावरच्या बारीक ओरखड्यांत शिरून बसायचे. लोखंडी वायसर चेपत नाही, म्हणून ते ऑइल अडवत नाही.

तांब्याचे वायसर मला सर्वांत आवडते. हाउसिंग बीडाचे असेल, तोंड थोडे खरवडलेले असेल, तरी तांबे जुळवून घेते. मात्र तांब्याचा एक स्वभाव आहे. एकदा दाबले गेले की ते कडक होते. तेच वायसर परत घातले तर ते आता चेपत नाही आणि पाझरते. खळ्यात ऑइल बदलताना ऐकू येतंच, "जुनंच वायसर चाली जाई ना, भाऊ!" चालेल, पण ते आधी मऊ करून घ्यावे लागेल. तारेत अडकवून गॅसच्या किंवा भट्टीच्या जाळावर ते मंद लाल होईपर्यंत तापवावे आणि पाण्यात टाकावे. पोलादाला तापवून पाण्यात टाकले की ते कडक होते. तांब्याचे उलट, ते मऊच राहते. वर काळी पापडी धरते ती घासून काढावी, आणि वायसर सपाट काचेवर ठेवून डुगडुगते का पाहावे. मधे खाच पडली असेल, कडा फाटली असेल, तर मोह सोडावा. नवे वायसर मिळत असताना हा उद्योग कशाला, असे म्हणणारेही बरोबर आहेत. पण रात्री अकरा वाजता, काट्यापासून सहा किलोमीटरवर, दुकान उघडे नसते.

अॅल्युमिनियमचे वायसर तांब्याहून मऊ. पहिल्यांदा झटकन बसते, कमी ताणात बसते, म्हणून ज्यांचे हाउसिंग अॅल्युमिनियमचे आहे अशा गाड्यांत कंपन्या तेच देतात. पण ते एकदाचेच. दुसऱ्यांदा घालू नये.

डाउटी वायसर चांगले असते, त्याला फार ताणावेही लागत नाही. पण त्याची एक अट असते, तोंड गुळगुळीत पाहिजे. पान्याने, छिन्नीने खरवडलेल्या बीडाच्या तोंडावर ते बसवले तर रबराची ओठी एका बाजूने फाटते. शिवाय आतल्या कड्याचे माप आट्यांशी नेमके जुळावे लागते. एक नंबर मोठे घातले तर ते सरकून एका बाजूला बसते, आणि तिकडून गळते. बाकीच्यांना असले थोडे चालून जाते, याला नाही.

फायबरचे, म्हणजे लाल किंवा तपकिरी पुठ्ठ्यासारखे वायसर वरच्या लेव्हलच्या प्लगाला ठीक. बुडाला नको. आपल्या खानदेशात मे महिन्यात बाहेरच ४५ अंश होतात, त्यात एक्सल तापलेला. फायबर सुकते, आकसते आणि ढिले पडते. दोन वायसर एकावर एक घालणे हा प्रकारही पाहिलेला आहे. एकाने गळते म्हणून दोन! गळायच्या वाटा मात्र दोनाच्या तीन होतात.

मापाबद्दल एवढेच, की वायसरचे भोक आट्यांवरून अलगद उतरावे, सैल लोंबू नये, आणि बाहेरची कड प्लगच्या डोक्याबाहेर जाऊ नये. बाहेर गेलेली कड दगडाला लागते.

प्लग बदलायचाच असेल तर

डोके गोल झालेला प्लग पुन्हा घालू नये. पुढच्या वेळी तो छिन्नीनेच निघेल. ज्या प्लगांना चौकोनी खड्डा असतो त्यात पेचकस घालून फिरवणारे खूप. त्यापेक्षा त्या मापाचा चौकोनी गज लोहाराकडून आखूड तोडून, वाकवून ठेवला तर जन्मभर पुरतो.

नवा प्लग घेताना तीन गोष्टी बघाव्यात. डोके फार उंच नको, कारण नदी-नाल्यातून, चारीतून गाडी नेताना सर्वांत खाली तेच असते. मूळचा प्लग आत बुडालेला असेल तर नवाही तसाच घ्यावा. दुसरे, आट्यांची लांबी जुन्याइतकीच पाहिजे. लांब प्लग आत जाऊन फिरत्या क्राउनला लागला तर काय होईल ते लिहायला नको. आणि तिसरे म्हणजे प्लग हाउसिंगपेक्षा कडक नसावा. लोकांना कडक पोलादी प्लग "मजबूत" म्हणून आवडतो. पण कधी ना कधी कोणाचे तरी आटे जाणारच असतील तर ते प्लगाचे जावेत. प्लग दुसरा मिळतो, हाउसिंग दुसरे घ्यायचे म्हणजे पूर्ण मागचा भाग खोलणे आले.

चुंबकाचा प्लग मिळत असेल तर जरूर घ्यावा, थोडे पैसे जास्त गेले तरी. त्याच्या टोकाला ऑइलात फिरणारा लोखंडाचा कीस चिकटतो. काढल्यावर त्यावर काळसर, लोण्यासारखा मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज आहे, चिंता नाही. बोटांत टोचणाऱ्या चकाकत्या चिपा दिसल्या, किंवा दाताचा तुकडा दिसला, तर नवे ऑइल भरून गाडी जुंपू नये. आधी मिस्त्रीला दाखवावे. हा प्लग आतल्या बातम्या सांगतो. फक्त चुंबक किती पुढे आला आहे ते मोजून घ्यावे, लांबीची अट त्यालाही लागू आहे.

काही एक्सलांना बुडाला प्लगच नसतो. मागचे पत्र्याचे किंवा बीडाचे झाकण काढूनच ऑइल सोडावे लागते. तिथे वायसरऐवजी झाकणाचे पॅकिंग हा विषय आहे. उगीच भोक पाडून प्लग बसवण्याच्या भानगडीत पडू नये.

आधी वरचा, मग खालचा

काम करताना क्रम चुकवू नये. गाडी सपाटीवर, चाकांना उटी. थोडे फिरवून आणलेली, म्हणजे ऑइल कोमट आणि पातळ असते, तळाचा गाळ त्याच्याबरोबर निघतो. आधी वरचा, भरायचा प्लग उघडावा. खालचा नाही! कारण सोपे आहे. खालचा उघडून सगळे ऑइल सोडले, आणि वरचा प्लग जाम निघाला, आटे धरून बसला, तर ऑइल भरणार कुठून? एका सभासदाचा ट्रॅक्टर ऐन तोडणीत असा दोन दिवस उभा राहिला. टोळी फडात, ऊस तोडून पडलेला, मुकादम दर तासाला फोन करतो आहे, आणि ट्रॅक्टरच्या पोटात ऑइलाचा थेंब नाही. तोडलेला ऊस २४ तासांत गव्हाणीत पडला पाहिजे असे आपण दरवर्षी सांगतो. ऊस सुकतो, वजन उतरते, साखर उतरते. तो तोटा त्या प्लगाच्या खात्यावर कोणी लिहिला नाही, म्हणून कळला नाही एवढेच.

प्लगाभोवतीची माती आधी तारेच्या ब्रशने झाडावी आणि डिझेलच्या चिंधीने पुसावी. आपली काळी माती सुकली की सिमेंटसारखी होते, आणि प्लग काढताच तिचा खडा नेमका आत पडतो. जुने वायसर हाउसिंगला चिकटून राहिलेले नाही ना, हे बोट फिरवून बघावे. ते चिकटलेलेच असेल आणि वर नवे घातले, तर ती झाली नकळत दोन वायसरं.

ऑइल कसे निघाले याच्याकडे लक्ष द्यावे. काळसर निघाले तर ठीक. दुधाच्या चहासारखे निघाले तर आत पाणी आहे. तापी, गिरणा, पांझरा, अनेर ओलांडणाऱ्या किंवा पाण्याने भरलेल्या चारीतून जाणाऱ्या गाड्यांत हे नेहमी दिसते आणि दोष प्लगाला मिळतो. प्लगाचा दोष असतोही, पण बहुतेक वेळा चोर दुसरा. एक्सलच्या वर एक लहानशी श्वासनळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. ती मातीने बंद झाली की गाडी तापल्यावर आतली हवा फुगते आणि ऑइल सीलांतून बाहेर ढकलते. पुढे तोच तापलेला एक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलांतून पाणी ओढून घेते. वायसर कितीही नवे घाला, ब्रीदर बंद असेल तर गळती थांबायची नाही. प्लग बदलताना ती टोपी काढून, फुंकून, फिरवून पाहावी. दोन मिनिटांचे काम आहे.

फोर-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांच्या हबमध्ये बहुतेक ठिकाणी वेगळे ऑइल असते, आणि त्याला एकच प्लग असतो. तो चाकाबरोबर फिरतो. नवख्याला प्रश्न पडतो, की हा भरायचा की सोडायचा? दोन्ही. चाक फिरवून प्लग अगदी खाली, घड्याळात सहा वाजतात तिथे आणला की ऑइल सुटते. मग चाक फिरवून प्लग मधल्या उंचीवर, तीन किंवा नऊ वाजतात तिथे आणायचा, आणि ऑइल काठोकाठ येईपर्यंत भरायचे. हबवर लेव्हलची खूण असली तर ती आडवी ठेवावी. हा प्लग चिखलात, पाचटात, दगडांत सतत फिरत असतो. म्हणून त्याचे वायसर सर्वांत आधी झिजते आणि सर्वांत शेवटी बदलले जाते. ट्रॅक्टरच्या मागच्या अंगालाही बुडाशी दोन-तीन प्लग असू शकतात, गिअरबॉक्सचा निराळा, डिफरन्शियलचा निराळा. एकच उघडून "सुटलं सगळं" म्हणणाऱ्याच्या पेटीत निम्मे जुने ऑइल राहते.

ताण किती द्यावा? कंपनीच्या पुस्तकात आकडा असतो, तोच खरा. १८ मिलिमीटरच्या आसपासच्या साध्या प्लगाला तो बहुधा ४ ते ५ किलोग्रॅम-मीटर निघतो. म्हणजे फूटभर लांब पान्याच्या टोकाला साधारण १५ किलोचा जोर. एका हाताचा, उभा राहून नव्हे, बसून. पान्याला पाइप घालून दोघांनी लोंबकळायचे, ही आपल्याकडची रीत प्लगाला मारक आहे. प्लग आधी नुसत्या बोटांनी चार-पाच आटे चढला पाहिजे. चढत नसेल तर तो तिरका लागतो आहे. उलटा फिरवून, "टक्" असा आवाज येऊन आटा जागेवर पडला की मग सुलटा फिरवावा. निमुळत्या प्लगाला तर आणखी जपावे, पाचर जास्त ठोकली की लाकूड फाटते तसे बीडाचे भोक चिरते.

टेफ्लॉनची टेप सरळ आट्यांवर गुंडाळण्यात अर्थ नाही, तिथे काम वायसरचे. निमुळत्या आट्यांवर आटे सील करायचा लेप पातळसा लावावा, टोकाचे एक-दोन आटे कोरडे सोडून, म्हणजे तो आत पडत नाही. काही गाड्यांत कंपनीच तसे सांगते. टेपचे धागे सुटून ऑइलात फिरतात, म्हणून मी टेपच्या बाजूचा नाही. एम-सील बाहेरून थापणे तर साफ चूक. तेलकट लोखंडावर ते धरत नाही, आणि पुढच्या वेळी प्लग काढायला छिन्नी लागते.

हाउसिंगचेच आटे गेले असतील तर घाबरायचे कारण नाही. जळगाव-धुळ्याच्या एम.आय.डी.सी.त किंवा तालुक्याच्या लेथवर एक माप मोठा टॅप मारून मिळतो, किंवा आत तारेचे नवे आटे, ज्याला हेलिकॉइल म्हणतात, ते बसवून मूळच्याच मापाचा प्लग ठेवता येतो. टॅपला भरपूर ग्रीस फासायला सांगावे, म्हणजे कीस त्यालाच चिकटतो, आणि नंतर पेटी डिझेलने धुऊन काढावी. प्लग वेल्डिंगने चिकटवून टाकणारे महाभाग आहेत. बीड असे तापवले की तडकते, आणि पुढच्या वेळी ऑइल कुठून सोडणार, हा विचार त्यांनी केलेला नसतो.

ऑइलाबद्दल थोडक्यात, कारण तो स्वतंत्र विषय आहे. जीपसारख्या गाडीच्या हायपॉइड डिफरन्शियलला बहुधा जी.एल. ५ दर्जाचे ऑइल लागते. तेच ऑइल सरसकट गिअरबॉक्सात ओतू नये, काही जी.एल. ५ ऑइलांतला गंधक पितळेच्या भागांना खातो. आणि ज्या ट्रॅक्टरचे ब्रेक ऑइलात बुडालेले आहेत, त्यात कंपनीने सांगितलेलेच ऑइल. दुसरे घातले तर ब्रेक घसरतात किंवा कुरकुरतात, आणि भरल्या ट्रॉल्या मागे असताना ती थट्टा नाही.

भरून झाल्यावर वरचा प्लग लगेच लावू नये. लेव्हलच्या भोकातून जास्तीचे ऑइल निथळून थांबू द्यावे, मग नवे वायसर घालून लावावा. दोन-तीन किलोमीटर गाडी फिरवून आणावी, प्लग कोरडे पुसावे आणि रात्री खाली पांढरा कागद किंवा सिमेंटचे रिकामे पोते उलटे पसरून ठेवावे. सकाळी डाग कुठे पडला ते बघितले की कोणता प्लग आणि कोणते सील हे कळते. पाण्यातून गाडी गेली असेल तर तास भरण्याची वाट न बघता लेव्हलचा प्लग उघडून ऑइलाचा रंग बघावा.

निघालेले जुने ऑइल विहिरीच्या काठाला, चारीत किंवा बांधावर ओतू नये. पूर्वी लाकडाला वाळवी लागू नये म्हणून जळके ऑइल फासत, अजूनही कोणी फासते. पण थोडेही ऑइल पाण्यावर पसरले की विहिरीचे पाणी जनावर तोंड लावत नाही. कॅनमध्ये भरून ठेवावे आणि जुने ऑइल गोळा करणाऱ्या परवानाधारकाला द्यावे.

ट्रॅक्टरच्या हत्यारपेटीत एका छोट्या डबीत प्रत्येक मापाची दोन-दोन तांब्याची वायसरं आणि बुडाचा एक जादा प्लग चिंधीत गुंडाळून ठेवावा. डबीच्या झाकणावर कोणते माप कोणत्या प्लगाचे ते खिळ्याने कोरून ठेवावे, म्हणजे रात्री ड्रायव्हरला फोन करावा लागत नाही.